मुलीला सीओईपी मेकॅनिकल लागलं! फ्रीझ की बेटरमेंट? उद्यापर्यंत सांगा

ओढ्याकाठचा:
नमस्कार मंडळी. आमच्या मुलीला पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज लागलं. मेकॅनिकल! जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून तिथं जाणारी ही पहिलीच. काल यादी लागल्यापासून दुकानात नुसती रीघ लागलीय, तिच्या मामानं तर फ्लेक्स छापायला टाकला. पण आता प्रवेशाच्या लॉगिनमध्ये फ्रीझ, म्हणजे हीच जागा पक्की करायची, का बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरची पसंती मिळते का बघायचं, असं विचारतंय आणि घरात दोन तट पडलेत. उद्या मुदत संपते. काय निवडू? लवकर सांगा, हात जोडतो.

माटुंगेकर:
मनापासून अभिनंदन. पण कितवी फेरी? पसंतीक्रमात हे कितवं होतं? कॅटेगरी कोणती? हे कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

सदाफुली:
अभिनंदन दादा! जेईई दिली होती का तिनं? एवढी हुशार असेल तर एक वर्ष थांबून परत द्यायला लावा. माझ्या भाच्यानं तसंच केलं, आज आयआयटीत आहे.

ओढ्याकाठचा:
जेईईचं नाही विचारलं ताई. फ्रीझचं सांगा.

जुना_होस्टेलकर:
सीओईपी म्हणजे सीओईपी. १८५४ सालापासून चालू आहे, सर विश्वेश्वरय्या इथलेच. डोळे झाकून फ्रीझ करा. पोरीला सांगा, पहिल्याच वर्षी बोट क्लबला नाव घाल. रिगाटाच्या, म्हणजे बोटींच्या उत्सवाच्या, संध्याकाळी नदीवर काय माहोल असतो!

माटुंगेकर:
१८५४ चं कौतुक नंतर करू. आमचं मुंबईचं व्हीजेटीआय कॉलेजही १८८७ चं आहे, म्हणून कुणी डोळे झाकून जागा घेत नाही. काका, पसंतीक्रम?

ओढ्याकाठचा:
पहिलीच फेरी. पसंती चौथी. वर सीओईपी कॉम्प्युटर, व्हीजेटीआय कॉम्प्युटर आणि सीओईपी ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स) आहे. आम्ही ओबीसी. पत्रावर सीट टाइप एलओबीसीएस लिहिलंय, हे काय असतं?

आरती_ठाणे:
राज्यस्तरावरची ओबीसी मुलींची जागा. चौथी पसंती म्हणजे जागा आपोआप फ्रीझ झालेली नाही. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली असती तर हा प्रश्नच आला नसता. दोन्हींत आधी लॉगिनमधून जागा स्वीकारायची आणि स्वीकृती शुल्क भरायचं. ते केलं नाही तर फ्रीझही नाही आणि बेटरमेंटही नाही. बेटरमेंट घेतलं तर पुढच्या फेरीत भाग घेता येतो. तिथं नवीन काही मिळालं तर हे मेकॅनिकल आपोआप जातं, परत मागता येत नाही. नाही मिळालं तर हातातलं राहतं.

कोडवाला:
मग बेटरमेंटच! मेकॅनिकलला आज कोण विचारतं? मी स्वतः मेकॅनिकल करून सॉफ्टवेअरमध्ये आलो. ती चार वर्षं मला कॉम्प्युटरला मिळाली असती तर बरं झालं असतं.

जुना_होस्टेलकर:
तुम्ही सॉफ्टवेअरला गेलात म्हणून सगळ्यांनी जायचं का? चाकणला जाऊन बघा कोण विचारतं ते.

कोडवाला:
चाकणमधले सुरुवातीचे पगार आणि हिंजवडीतले पगार शेजारी मांडा, मग बोलू.

सदाफुली:
मेकॅनिकल करून जर्मनीला एमएस करता येतं. जर्मन भाषेचा क्लास आत्तापासून लावा.

आरती_ठाणे:
काका, एवढी चर्चा चाललीय, पण मुलीला काय हवंय? फॉर्म कुणी भरला?

ओढ्याकाठचा:
फॉर्म तिच्या चुलत्यानं भरला, ते पुण्यात असतात. कॉम्प्युटर वर त्यांनीच टाकलं, स्कोप आहे म्हणून. मुलीला मेकॅनिकलच पाहिजे. आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाचवीत असल्यापासून शाळा सुटली की ती दुकानात. जळालेली मोटार खोलायची, कॉइल काढायची, वेढे मोजून वहीत लिहून ठेवायचे, हे सगळं ती करते. बारावीच्या वर्षातही रविवारी बेअरिंग काढायला माझ्याआधी पुलर घेऊन बसायची. गिऱ्हाइकं आधी माझ्याकडे बघायची, आता पंप तिच्यासमोरच ठेवतात. मला तिचा फार अभिमान आहे. पण माझं शिक्षण दहावी. चुलते शिकलेले, म्हणतात भावनेत निर्णय घेऊ नका. म्हणून इथं विचारलं.

माटुंगेकर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं, काका. मग माझं मत सरळ आहे, फ्रीझ. बेटरमेंट घेतलंत आणि यादी तशीच ठेवून दुसऱ्या फेरीत कॉम्प्युटर लागलं, तर तिला हवं ते हातचं जाईल.

कोडवाला:
तिला खरंच मशीनची आवड असेल तर माझा आग्रह नाही. कोडिंग मात्र तिथंही शिकू द्या, उपयोगी पडतं.

आरती_ठाणे:
आता कागदांचं बघा. नॉन-क्रिमीलेअर दाखला मूळ हातात आहे की नुसती पावती? त्यावरची मुदतही तपासा. जातवैधता प्रमाणपत्र आहे ना? आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश हवा, तो तुमचा आहेच. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा काढा. नॉन-क्रिमीलेअरमध्ये शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत, शुल्कमाफीला सगळं धरतात. म्हणून एकावर दुसरं चालवून घेऊ नका. अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर.

ओढ्याकाठचा:
वैधता आहे, नॉन-क्रिमीलेअर मूळ आहे, पुढच्या ३१ मार्चपर्यंतचं. उत्पन्नाचा दाखला उद्याच सेतूत टाकतो. शुल्क माफ होतं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं! मी पतपेढीत कर्जाचं विचारून आलो होतो.

जुना_होस्टेलकर:
होस्टेलचे पैसे त्यात येत नाहीत, तेवढी तयारी ठेवा. आणि होस्टेलचा अर्ज वेगळा असतो, प्रवेश झाल्या दिवशीच विचारा.

सदाफुली:
लॅपटॉप कोणता घेताय? माझ्या भाच्यानं घेतला तो फार तापतो.

ओढ्याकाठचा:
लॅपटॉपचं नंतर बघू ताई. मंडळी, फ्रीझ केलं. तिनं स्वतः केलं, मी शेजारी बसलो होतो. चुलत्यांना फोन करून सांगितलं, तेही म्हणाले, तिचीच मर्जी असेल तर बरोबर आहे. आता प्रवेशासाठी शिवाजीनगरला कॉलेजात जायचंय. शाळा सोडल्याचा दाखला मूळ तिथं ठेवून घेतात का?

आरती_ठाणे:
घेतात. आधी त्याच्या भरपूर झेरॉक्स काढून ठेवा, नंतर महाडीबीटीला लागतात.