प्रा. मधु दंडवते यांची जयंती गावच्या वाचनालयात कशी करावी?

लाल_माती
नमस्कार मंडळी. कणकवली तालुक्यातल्या एका लहान गावात आमचं वाचनालय आहे, मी त्याची कार्यवाह. येत्या २१ जानेवारीला प्रा. मधु दंडवते यांची जयंती करायचं कार्यकारिणीत ठरलंय. १९७१ पासून १९९१ पर्यंत ते राजापूर मतदारसंघाचे, म्हणजे आमचे खासदार होते. पाच वेळा निवडून आले. पण नववीच्या मुलांना विचारलं तर "कोकण रेल्वे" एवढंच उत्तर येतं, त्यापुढे काही नाही.

काहींचं म्हणणं, नाक्यावर फ्लेक्स लावू, पाहुणे बोलावू, शाल-श्रीफळ देऊ. मला ते पटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर साधेपणा सोडला नाही, त्याच्या नावाने हे करणं बरं वाटत नाही. खर्चाला दहा हजारांच्या आसपास आहेत. मुलांच्या लक्षात राहील असं काय करता येईल?

सावंतवाडीचा_सोनार
ताई, रेल्वेच्या पलीकडची एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. दंडवते अर्थमंत्री असताना १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९६८ चा तो कायदा. कारागिराला प्रमाणपत्र, सोन्याची लगड बाळगण्यावर निर्बंध, घेतल्या-दिल्याची बारीकसारीक नोंद. आमच्या वडिलांची अर्धी संध्याकाळ वह्या लिहिण्यात जायची. कायदा गेला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. अर्थशास्त्रातलं मला कळत नाही, पण आमच्यासारख्या पेढीवरच्या माणसाला त्यामुळे मोकळा श्वास घेता आला.

ट्रिमर_निवृत्त
ताई, फ्लेक्स नको म्हणालात ते फार बरं केलंत.

मी मूळचा नांदगावकडचा. उमेदीची सगळी वर्षं रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात गेली, ट्रिमिंग शॉपमध्ये. ट्रिमिंग म्हणजे गादीकाम. दुसऱ्या वर्गाचा स्लीपर डबा पूर्वी कसा असायचा हे आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटायचं नाही. नुसत्या लाकडी फळ्या. पैसेवाला होल्डॉल न्यायचा, बाकीचे चादर नाहीतर वळकटी. ज्याच्याकडे तेही नाही तो रात्रभर कूस बदलत राहायचा. गादी फक्त पहिल्या वर्गाला.

१९७७ साली दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर फोम बसवायचा निर्णय झाला. जाडी दोन इंच. त्या डिसेंबरात हावडा–मुंबई गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, सगळी गाडी दुसऱ्या वर्गाची, आणि बर्थ गादीचे. पुढे हळूहळू बाकीच्या गाड्यांना हे आलं. त्यांची भूमिका सरळ होती: वरच्या वर्गाचं काही काढून घ्यायचं नाही, खालच्या वर्गाला वर आणायचं.

आमच्या हाताला काम आलं ते असं. फळीवर फोम मापात कापून ठेवायचा, वरून रेक्झिन घालायचं, एका कडेला बारीक चुका (म्हणजे छोटे खिळे) ठोकून पक्कं करायचं आणि दुसऱ्या कडेने पकडीने ताणत आणायचं. ताण कमी पडला तर महिन्याभरात सुरकुती, जास्त झाला तर चुकेपाशी फाटतं. कोपरा घडी घालून बसवणं सगळ्यात अवघड, नवा पोरगा तिथेच अडायचा. आमचे मिस्त्री झालेल्या बर्थवर स्वतः आडवे होऊन बघायचे. आपलीच माणसं ह्यावर झोपणार आहेत, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

त्याच सुमारास माझ्या बाजूच्या बाकावर एक वयाने मोठे कामगार परत रुजू झाले. १९७४ च्या मे महिन्यातल्या रेल्वे संपात देशभर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या. जनता सरकार आल्यावर त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आलं, आणि रेल्वे खातं दंडवत्यांकडेच होतं. मधली वर्षं त्या माणसाने भाजी विकून काढली होती. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला, आणि दंडवत्यांचं नाव काढताना त्यांचा आवाज कापत होता. मला मंत्री म्हणून ते कळले ते त्या दिवशी.

आता कोकण रेल्वेचं. मुलं एवढंच सांगतात म्हणता, पण तेही अर्धवटच. आमची आजी म्हणायची, "गाडी येतली, पण माका गावतली काय?" म्हणजे मला ती मिळेल का? आश्वासनं ऐकून लोक थकले होते. बॅरिस्टर नाथ पै यांच्यापासून ही मागणी लोकसभेत मांडली जात होती. नाथ पै १९७१ च्या जानेवारीत गेले आणि त्यांच्या मतदारसंघात दंडवते उभे राहिले. खरी अडचण पैशाची. नेहमीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून एवढा मार्ग कधी झाला नसता. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, दोघे समाजवादी, एकाच मंत्रिमंडळात. त्या जुलैत वेगळं महामंडळ उभं राहिलं. भागभांडवलात ५१ टक्के रेल्वेचे, २२ महाराष्ट्राचे, १५ कर्नाटकाचे, गोवा आणि केरळ ६-६, आणि उरलेला पैसा रोखे विकून. महामंडळाचे प्रमुख श्रीधरन साहेबांनी काम कसं केलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण हा पैशाचा रस्ता कुणी सांगत नाही.

आणि १९९१ च्या निवडणुकीत आपण त्यांना पाडलं. काम सुरू झालेलं होतं. १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा ते आपले खासदार नव्हते. तरी त्यांनी कोकणाशी नातं तोडलं नाही. हे मुलांना सांगाच, लपवू नका.

म्हणून माझी सूचना अशी. भाषणं ठेवू नका. त्यांनी १९७७ ते १९७९ मध्ये तीन रेल्वे अर्थसंकल्प मांडले. ती भाषणं उपलब्ध आहेत. त्यातला एक उतारा सोपा करून मुलांकडून वाचून घ्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना समोर बसवा. मुंबईला जायला एसटीत किती तास लागायचे, मालवण-वेंगुर्ल्याहून बोट कशी पकडायची, हे त्यांनी सांगायचं आणि मुलांनी लिहून घ्यायचं. ती वही वाचनालयात ठेवा.

पांढरा_एप्रन
काकांचं वाचून एक भर घालते. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. ते स्वतः सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यामुळे शेवटीही विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडले. वाचनालयात देहदानाचे अर्ज ठेवा. मात्र जयंतीच्या दिवशी गर्दीत सही घेऊ नका. अर्ज घरी न्यावेत, घरच्यांशी बोलावं. माणूस गेल्यावर नातेवाईकच नको म्हणतात आणि इच्छा कागदावर राहते.

त्यांच्या पत्नी प्रमिलाताईंना विसरू नका. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्या येरवड्याला. दोघांचा संसार तेव्हा पत्रांवर चालला. १९८० मध्ये त्या मुंबईतून लोकसभेवर गेल्या. मुलींना हे सांगायला हवं.

लाल_माती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीपुढे हे सगळं वाचून दाखवलं. फ्लेक्स रद्द झाला. ते पैसे वह्या, छपाई आणि चहापाण्याला जातील. डॉक्टरताई, अर्ज कुठून मागवायचे ते कळवा. सोनारदादा, तुमच्या वडिलांची जुनी वही असेल तर एक दिवसापुरती द्याल का? काचेच्या कपाटात ठेवू, जबाबदारी माझी. आणि ट्रिमरकाका, तुम्ही स्वतः यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. स्टेशनवर गाडी पाठवू.

सावंतवाडीचा_सोनार
वही आहे. मीच घेऊन येतो.

ट्रिमर_निवृत्त
येतो. गाडी पाठवू नका, नांदगावला भावाकडे उतरेन. ज्यांच्या जमिनी ह्या रुळाखाली गेल्या त्या घरांतल्या माणसांना पुढच्या रांगेत बसवा आणि बोलायची पहिली पाळी त्यांना द्या. उतारा मोठ्या टायपात छापा, आठवडाभर आधी मुलांच्या हातात पडू द्या.