मदत हवी आहे: आईला कोळी चावलाय, कोणता ते ओळखता येईल का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरला, होटगी रोडच्या पुढं वस्तीवर राहतो. सकाळी गाईसाठी कडब्याची पेंढी ओढताना आईच्या अंगठ्याजवळ कोळी चावला. लगेच साबणानं धुतलं, बांगड्या काढल्या, फडक्यात बर्फ गुंडाळून लावला. शेजारच्या काकू चुना लावा म्हणत होत्या, मी लावू दिला नाही.

कोळी बरणीत धरलाय. पायांसकट रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, करडा-तपकिरी, अंगावर बारीक केस. ब्लॅक विडो या विषारी कोळ्याच्या पोटाखाली वाळूच्या घड्याळासारखी लाल खूण असते, म्हणून बरणी उलटी करून पाहिली. तशी खूण नाही. जाळंही नव्हतं, जमिनीवर जोरात पळत होता. लांडगा कोळी असेल का?

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय. पोटात कळा, खूप घाम किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट सिव्हिलला न्या म्हणाले. सुजेच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवलीय. पण आईला शुगर आहे, त्यामुळं जखम चिघळेल याची फार धास्ती वाटते.

कोळ्यांची माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगा, ओळखायला फोटो कुठल्या बाजूनं काढू? डोळ्यांचा, की पाठीचा?