मदत हवी आहे: आर्जिरोडाइटमधली अव्यवस्था मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करतेय, विषय सॉलिड-स्टेट बॅटरीचे सल्फाइड इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियमचे आयन वाहून नेणारे गंधकयुक्त घन पदार्थ. आर्जिरोडाइट हा त्यातलाच एक स्फटिक प्रकार. क्लोरीनवाल्या आर्जिरोडाइटमध्ये सल्फर आणि क्लोरीन एकमेकांच्या जागा बळकावतात आणि या गोंधळामुळेच लिथियमला स्फटिकातल्या जागांच्या एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जाणं सोपं होतं. आयोडीनचा आयन मोठा, तो जागा सोडत नाही. तिथे वाहकता जवळपास हजार पटींनी कमी. इथवर ठीक.

घोडं अडलंय मोजणीत. सल्फाइड आणि क्लोराइड, दोघांकडे 18च इलेक्ट्रॉन, त्यामुळे एक्स-रेला दोघे सारखेच. रिटव्हेल्डमध्ये (स्फटिकाचं मॉडेल मोजलेल्या आलेखाशी जुळवण्याची पद्धत) जागा बदललेल्या आयनांची टक्केवारी बरीच हलवली तरी फिट ढिम्म! न्यूट्रॉनला फरक कळतो, म्हणून ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरवर न्यूट्रॉन झोतासाठी वेळ मागायचा विचार आहे.

पुण्याहून कोणी तिथे सल्फाइड नमुने नेलेत का? ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो (पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये सडक्या अंड्यांचा वास नवा नाही), तर नमुना ठेवायचा व्हॅनेडियमचा डबा सील कसा केलात? शिवाय साध्या लिथियममधला लिथियम-6 हा समस्थानिक न्यूट्रॉन खातो. महागडा लिथियम-7 घ्यावाच लागतो का?

सर म्हणतात, आधी ब्रोमीनवर कर, त्याचे 36 इलेक्ट्रॉन एक्स-रेलाही ओळखू येतात. पटतंय, पण मंजूर प्रस्ताव क्लोरीनचा आहे.