लॉटरी नाही हो, तालीम!
वर कुणीतरी लिहिलंय की आयरिश दिग्दर्शक जिम शेरिडनला 'माय लेफ्ट फूट' या सिनेमाने (१९८९) पहिल्याच फटक्यात लॉटरी लागली. अहो, त्याआधी सत्तरच्या दशकात भाऊ पीटरसोबत डब्लिनच्या प्रोजेक्ट आर्ट्स सेंटरमध्ये नाटकं, मग बायकापोरांसकट न्यूयॉर्क, तिथेही आयरिश आर्ट्स सेंटर सांभाळलं, म्हणजे नटांकडून काम काढून घ्यायची सवय चांगली मुरलेली होती. त्या सिनेमातल्या डॅनियल डे-लुईस आणि ब्रेंडा फ्रिकर दोघांना ऑस्कर उगाच नाही मिळालं. मला मात्र त्याचाच 'इन अमेरिका' जास्त भिडला, स्वतःच्या पोरींसोबत लिहिलेला, जत्रेत बाप एका बाहुलीसाठी भाड्याचे पैसे लावत सुटतो, तो सीन बघताना हाताला घाम फुटतो राव.