ड्यूटीचे तास मोजले म्हणजे थकवा मोजला का?

धागाकर्ता
रेल्वेत थकव्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा ड्यूटीच्या तासांवर येऊन थांबते. मर्यादा हवीच, पण सकाळी ८ला सुरू झालेले ९ तास आणि रात्री ११ला सुरू झालेले ९ तास कागदावर सारखे दिसले, तरी शरीराच्या लेखी ते सारखे नसतात. पहाटे २ ते ६ या वेळात झोपेचा अंमल सर्वाधिक असतो आणि दिवसा तुकड्यातुकड्यांनी घेतलेली झोप तो पुरता उतरवत नाही. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ताशी ४८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर एक लोकल सुमारे १३२ च्या वेगाने शिरली आणि ४ जण दगावले. चालकाची पाळी त्या पहाटेच सुरू झाली होती. मात्र दोन आठवड्यांपूर्वी त्याची वेळ बदलली होती आणि त्याला निदान न झालेला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, होता. तासांच्या नोंदवहीत यातले काहीच उमटत नाही. म्हणून सलग रात्रपाळ्या, पाळी बदलण्याची पद्धत आणि झोपेच्या विकारांची तपासणी यांचा विचार रोस्टर, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक, आखतानाच व्हावा.

प्रतिसाद १
आपले निरीक्षण मान्य आहे, निष्कर्ष मात्र धोक्याचा वाटतो. तासांची मर्यादा हा असा नियम आहे, की जो कर्मचारी नुसते घड्याळ दाखवून सिद्ध करू शकतो. त्याऐवजी ‘जोखीम व्यवस्थापन’ आले, की संगणक थकव्याचा एक गुणांक काढतो आणि तो ठीक आहे म्हणून आणखी दोन तास थांबायला सांगितले जाते. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढलेला माणूस त्या गुणांकात कुठेच नसतो. लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ रोजी रेल्वे अपघातात ३५ जण गेले, ते सिग्नलच्या कामात एक जुनी तार मोकळी राहिल्यामुळे. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. तिथे साधी, कडक मर्यादाच हवी होती.

प्रतिसाद २
केबिनमध्ये दक्षता बटण असते. ठरावीक वेळात ते दाबले नाही तर ब्रेक लागतो. मग रोस्टरवर एवढा खर्च कशाला?

धागाकर्ता
प्रतिसाद २ यांना: मी सहायक म्हणून इंजिनावर असताना पहाटे साडेचारला पाहिले आहे, की शेजारच्या चालकाचे डोळे मिटले होते, हनुवटी छातीला टेकली होती आणि इशारा वाजताच अंगठा आपसूक बटणावर जात होता. मी हाक मारली तेव्हा मागचे स्टेशन कधी गेले हे त्यांना सांगता आले नाही. सवयीचा हात झोपेतही चालतो.

प्रतिसाद १ यांची भीती रास्त आहे आणि मूळ लेखनात मी ती पुरेशी धरली नव्हती. मर्यादा कायम ठेवावी आणि गुणांकाचा उपयोग फक्त पाळी कमी करण्यासाठी व्हावा, वाढवण्यासाठी कधीही नाही, अशी अट नियमातच हवी.

प्रतिसाद १
ही अट लेखी आली तर माझा विरोध बराच मावळेल. पण ‘माझी झोप झालेली नाही’ असे सांगून जो गाडी घेणार नाही, त्याचा किलोमीटरवरचा भत्ता त्या दिवशी बुडतो. तो भत्ता कोण भरून देणार, हे ठरल्याशिवाय तसे सांगायला कोणी पुढे येईल असे मला वाटत नाही.