एडिटिंगसाठी नवा लॅपटॉप घेऊ की मॉनिटर? (बजेट ८० हजार)

डिचोलीचा_भटक्या:
नमस्कार मंडळी, पावसात गोवाभर भटकून फोटो काढायचा नाद आहे, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, सगळं रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) काढतो. यंदा फोंताइन्यास, दिवाडी, तांबडी सुर्ला असं बरंच जमलं म्हणून निवडक फोटोंचे मोठे प्रिंट काढायला दिले, आणि ते बघून डोकंच फिरलं ओ. तांबडी सुर्ल्याच्या देवळाच्या खांबांवरचं कोरीवकाम माझ्या स्क्रीनवर झकास दिसतं, प्रिंटमध्ये नुसता काळा ठोकळा! लॅबवाला म्हणतो फाइलच तशी आहे. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, फोटो एडिटिंगचं लाइटरूम उघडायला टाकून चहा करून यावं अशी गत. ८० हजार बाजूला काढलेत, गेमिंग लॅपटॉप घेऊन टाकू का?

चिऱ्याची_भिंत:
थांबा बाब, घाई नको. लॅबवाल्याचं बहुतेक बरोबर आहे. ब्राइटनेस फुल ठेवून एडिट करता ना? प्रिंटसाठी एडिट करताना स्क्रीन ८० ते १२० निट्सच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास ठेवतात, फुलवर ती सहज दुप्पट-तिप्पट जाते. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो, त्यामुळे तुम्हाला वाटतं फोटो पुरेसा उजळ आहे आणि शॅडोज, म्हणजे गडद भाग, उचलायच्या राहून जातात. त्यात ते देऊळ काळ्या बेसाल्टचं, आपल्याकडच्या चिऱ्याचं नव्हे, म्हणजे सगळा डिटेल सावलीतच. हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ किती ते दाखवणारा आलेख) उघडून बघा, डावीकडे, म्हणजे गडद बाजूला, ढीग साचलेला असणार.

माशेलची_माऊ:
+१. आणि गेमिंग लॅपटॉप घेताना पॅनल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका हां, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांत ४५ टक्के एनटीएससीवालं (रंग किती दिसतात त्याचं जुनं माप) पॅनल असतं, म्हणजे एसआरजीबीचे (स्क्रीनवरच्या रंगांचा नेहमीचा संच) धड दोन तृतीयांश रंगही दिसत नाहीत. चिऱ्याचा तांबूसपणा, शिगम्याचा गुलाल सगळं मळकट दिसतं, मग आपण सॅच्युरेशन ओढत बसतो आणि तोच फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर भडक. पण ग्राफिक कार्ड अगदीच फुकट जातं असंही नाही. मी चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्यात पक्षी काढते, खारफुटीत अंधार, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) चढवावाच लागतो, त्यानं फोटोत दाणे येतात, आणि ते घालवणारा लाइटरूमचा एआय डिनॉइज साध्या लॅपटॉपवर एकेका फोटोला मिनिटंच्या मिनिटं खातो. तुम्ही देवळं आणि गल्ल्या काढता, तुम्हाला तेवढी गरज दिसत नाही.

चिऱ्याची_भिंत:
हो, पक्ष्यांचं गणित वेगळं.

पणजी_फेरीबोट:
माझं सरळ मत, लॅपटॉप बदलू नका. मॉडेलमध्ये सोय असेल तर आहे त्यातच एसएसडी आणि १६ जीबी रॅम टाकून घ्या, चहाची वेळ बरीच कमी होईल. उरलेल्या पैशांत २७ इंची आयपीएस मॉनिटर, २५६० बाय १४४०, पूर्ण एसआरजीबी दाखवणारा, असुस प्रोआर्ट किंवा डेल अल्ट्राशार्पमध्ये बघा. अ‍ॅडोबी आरजीबीवाल्या महागड्या मॉनिटरच्या मागे लागू नका, लॅब एसआरजीबी फाइल मागत असेल तर ते जास्तीचे रंग कागदावर येणारच नाहीत. मॉनिटर आला की कॅलिब्रेट करायचाच, म्हणजे कॅलिब्रेटर नावाचं यंत्र स्क्रीनला लावून रंग नेमके जुळवायचे, सेटिंग व्हाइट पॉइंट डी६५, गॅमा २.२, ब्राइटनेस १०० निट्सच्या आसपास. लॅबकडे आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या प्रिंटर-कागदावर रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) मागा, दिलं तर लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफिंग करून प्रिंट कसा येईल त्याचा अंदाज आधीच घेता येतो. आणि यूपीएस घ्या हो, पावसात आपल्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, एक्स्टर्नल डिस्कवर फाइली जात असताना गेली तर बसा बोंबलत.

माशेलची_माऊ:
लेन्सा कपाटात कपड्यांशेजारी ठेवत असाल तर आधी ड्राय कॅबिनेट घ्या. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखली की फंगसची भीती राहत नाही. इथल्या जुलैत लेदर बॅगेवर बुरशी येते, लेन्स काय चीज आहे.

डिचोलीचा_भटक्या:
हिस्टोग्राम बघितला, अगदी डावीकडे चिकटलाय! ब्राइटनेस खाली आणून तोच फोटो परत उघडला तर स्क्रीनवरही ठोकळाच दिसला, लॅबवाल्याला उगाच बोललो म्हणायचं. मॉनिटरचं पक्कं, रॅम-एसएसडी पण. फक्त तो कॅलिब्रेटर, महिन्यातून एकदा वापरायच्या वस्तूला एवढे पैसे घालायचे जिवावर येतंय. लाइटरूमचं भाडंही सोडावं का, त्याऐवजी डार्कटेबल कुणी वापरतं का?

चिऱ्याची_भिंत:
डार्कटेबल मी वापरतो, फुकट आहे आणि ताकदीचं आहे, पण सुरुवातीला घाम काढतं. रॉ त्यात उघडेल, लाइटरूममधले बदल मात्र सगळे जसेच्या तसे येणार नाहीत, तेव्हा जुने फोटो तिकडेच पूर्ण करा. कॅलिब्रेटर माझ्याकडे स्पायडर नावाचा आहे, मॉनिटर आला की कळवा, म्हापशाला येऊन घेऊन जा. फक्त मॉनिटर आधी अर्धा तास चालू ठेवून मगच लावा.

पणजी_फेरीबोट:
त्यांचं झालं की मला पण द्या हो तो स्पायडर.