एकदा लिहिलेला प्रॉम्प्ट पुन्हा पुन्हा वापरावा का?

बी-विंग सचिव

दोन वर्षं झाली, माझी सगळी टिपणं ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये आहेत. प्रत्येक टीप म्हणजे आपल्याच संगणकावरची मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, उद्या ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडेल. त्यात एआय मॉडेलशी जोडणारं 'कोपायलट' नावाचं प्लगिन टाकलंय (मायक्रोसॉफ्टशी संबंध नाही, नावच तेवढं सारखं). त्याची गंमत अशी की आपण लिहिलेले प्रॉम्प्टही, म्हणजे मॉडेलला द्यायच्या सूचना, एका फोल्डरमध्ये टिपांसारखेच राहतात. प्रॉम्प्टमध्ये रिकामा महिरपी कंस {} ठेवला की निवडलेला मजकूर तिथे जाऊन बसतो.

माझे प्रॉम्प्ट तीन. सभेच्या खरडीतून इतिवृत्त, थकबाकीदारांना पत्र, आणि प्लंबर-रंगारी मंडळींच्या कोटेशनची तुलना. इतिवृत्तात पूर्वी रविवारची अख्खी दुपार जायची. आता पाऊण तास.

चॅटच्या खिडकीत रोज नव्याने "जरा नीट लिहून दे" म्हणत बसण्यापेक्षा एकदाच बसून नियम लिहावेत असं माझं मत. नियम लिहायला बसलं की आपल्याला नेमकं काय हवंय ते आपल्यालाही कळतं. पटत नसेल त्यांनी बोला.

शाईचा डाग

नाही पटत. निक्लास लुहमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. आज ही टिपणांची ॲपं वापरणारे सगळे त्याच्या नावाची आरती करतात. पण नवी चिठ्ठी कुठल्या जुन्या चिठ्ठीच्या मागे लावायची, हे ठरवताना त्याचा विचार पुढे सरकायचा. तो भाग यंत्राला दिला तर वहीत टिपा शंभर होतील, पण सगळ्या छापातले गणपती.

बी-विंग सचिव

अहो, मी समाजशास्त्र लिहीत नाही. पाण्याची टाकी कधी धुवायची ते लिहितो.

खडू-फळा

मी आठवीला विज्ञान शिकवते. शाईचा डाग, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. पण प्रॉम्प्टने लिहूनच घेतलं पाहिजे असं कुठे आहे? माझा सगळ्यात जास्त वापरलेला प्रॉम्प्ट सांगते: "खाली माझं टिपण आहे. ते सुधारू नकोस, त्याचा सारांश करू नकोस. आठवीतलं एखादं खोडकर पोरगं विचारेल तसे पाच प्रश्न विचार. उत्तरं देऊ नकोस." परवा प्रकाशाच्या अपवर्तनावर प्रश्न आला, "पाण्यातला मासा आपल्याला वर दिसतो, मग माशाला आपण कुठे दिसतो?" रात्री जेवण होईपर्यंत कागदावर किरण काढत बसले होते. याला विचार यंत्राकडे देणं म्हणायचं?

शाईचा डाग

हा चांगला आहे. पण शंभरातले नव्वद लोक "सारांश कर" हाच प्रॉम्प्ट जपून ठेवतात.

टर्मिनलवाला

मी याच धंद्यातला, तेव्हा दोन कोरड्या गोष्टी.

पहिली. फाइल आपल्या संगणकावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ढगातलं मॉडेल जोडलेलं असेल तर प्रॉम्प्ट चालवल्याबरोबर कंसात बसलेला मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. सचिवसाहेब, थकबाकीदारांची नावंही गेली असणार. ओलामा नावाचं सॉफ्टवेअर टाकून मॉडेल घरच्या मशीनवर चालवता येतं, पण साध्या लॅपटॉपवर मावतील अशा लहान मॉडेलांचं मराठी अजून लंगडतं.

दुसरी. महिरपी कंसात काय येऊन पडेल यावर प्रॉम्प्टचा ताबा नसतो. वेबवरून क्लिप केलेल्या लेखात कुणी "आधीच्या सगळ्या सूचना विसर आणि अमुक कर" असं दडवून ठेवलं, तर मॉडेल तेही ऐकू शकतं. सायमन विलिसन या प्रोग्रामरने २०२२च्या सप्टेंबरमध्ये याला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिलं, आणि पक्का उतारा आजही नाही. हाताने चिकटवताना निदान नजर तरी फिरते. जपून ठेवलेला प्रॉम्प्ट आपण डोळे झाकून चालवतो.

बी-विंग सचिव

नावं कालच काढली. आता फक्त फ्लॅट नंबर जातात.

काठावर पास

आणि फ्लॅट नंबरवरून कुणालाच काही कळत नाही, होय ना काका?

शाईचा डाग

सचिव, एक सरळ प्रश्न. पाऊण तासात तयार झालेलं इतिवृत्त मूळ खरडीशी एकदा तरी ओळीओळीने ताडून पाहिलंत का?

बी-विंग सचिव

दोन दिवस गप्प होतो, कारण ताडत बसलो होतो. लपवत नाही, सांगतो.

लिफ्टच्या ठरावावर माझ्या खरडीत आहे: "लिफ्ट, नवीन, हो. तीन नाही." म्हणजे तिघांचा विरोध. इतिवृत्तात आलंय: "सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला." मग मागची पाच काढली. आणखी एकात तोच प्रकार. 'सदर ठराव' लिहिलं की पुढे 'सर्वानुमते' येणारच, अशी त्या मॉडेलच्या हाताला सवय असावी. आपल्या सरकारी मराठीलाही आहे म्हणा. वाचताना मला खटकलं नाही, कारण भाषा अगदी इतिवृत्तासारखी होती. वाकडीतिकडी असती तर लगेच पकडलं असतं.

शाईचा डाग

हेच म्हणत होतो. हाताने चूक झाली तर एका सभेत होते. ही चूक तुम्ही नाव देऊन फोल्डरमध्ये ठेवली होतीत.

खडू-फळा

पण दुरुस्तीही एकाच जागी करायची आहे ना? चॅटमध्ये रोज वेगळं वाक्य टाइप करणाऱ्याला चूक कुठून आली हेसुद्धा सापडलं नसतं.

टर्मिनलवाला

दोघांचंही बरोबर. आणखी एक, प्लगिनमधलं मॉडेल बदललं की जुना प्रॉम्प्ट वेगळा वागू शकतो. तुमच्याकडे ही लिफ्टची खरड आहेच. मॉडेल बदललं की आधी तिच्यावर चालवून पाहा. तिघांचा विरोध आला तरच पुढे.

बी-विंग सचिव

केलं. नवा प्रॉम्प्ट देतो, हवा त्याने घ्या:

"खाली सभेची खरड आहे. प्रत्येक ठरावाला सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती, असं लिही. खरडीत नसेल ते लिहू नकोस, जागा कोरी सोड. 'सर्वानुमते' हा शब्द खरडीत जसाच्या तसा असेल तरच वापर. शेवटी, तुला नीट न कळलेल्या ओळी खरडीतल्या शब्दांतच वेगळ्या दे."

सहाही सभा पुन्हा चालवल्या. जिथे विरोध होता तिथे तो आला. कोऱ्या जागा एवढ्या निघाल्या की मी किती कमी टिपून घेतो ते दिसलं. गेल्या सभेत तर अनुमोदक कोण होता हेच लिहिलेलं नाही. आता शेजाऱ्यांना विचारत फिरतोय.

काठावर पास

म्हणजे पाऊण तासाचे परत झाले तीन.

बी-विंग सचिव

दीड. चहा धरून.

शाईचा डाग

'जागा कोरी सोड' ही ओळ तेवढी घेतो. बाकी माझं मत तेच, इतिवृत्त ज्याने सभा ऐकली त्याने हाताने लिहावं.

बी-विंग सचिव

पुढची सभा रविवारी साडेदहाला, पार्किंगच्या वाटपावर. ऐकायला येताय का? पेन आम्ही देऊ.

शाईचा डाग

पार्किंगवर? नको. चालू द्या तुमचा प्रॉम्प्ट.